फुंकरबाबा आणि गुणाजीचा चहा

"आजपासून या पृथ्वीतलावर दमा उरलेला नाही!" अशी घोषणा फुंकरबाबांनी दांडेपाड्याच्या खळ्यावर, दोन्ही हात आभाळाकडे करून केली, आणि लगेच त्यांना ठसका लागला.

खळं म्हणजे मासळी वाळत घालायचं मैदान. पलीकडच्या ताडपत्रीवर सत्यवती वाळलेला जवळा पाखडत होती, वारा तिच्याकडून व्यासपीठाकडे होता, आणि जवळ्याची पूड नेमकी अवतारी पुरुषाच्या नाकात गेली. बाबा खोकले. माइक हातात असल्यामुळे चारी कर्ण्यांतून खोकले. तो खोकला गावभर फिरला, बंदराला लागलेल्या होड्यांवरून गेला आणि काशीदच्या रस्त्यावर खोळंबलेल्या गाड्यांपर्यंत पोचला. शेवटी बाबांचा व्यवस्थापक मितेश धावत आला, त्याने माइक हिसकून घेतला आणि तो गर्दीला म्हणाला,

"भाविकहो, बघितलंत? तुमचा सगळ्यांचा दमा बाबांनी आत्ता, तुमच्या डोळ्यांसमोर, स्वतःच्या छातीत ओढून घेतला!"

लोकांनी जयजयकार केला. सत्यवतीने घाबरून सूप खाली ठेवलं.

गर्दीच्या मागे, उलट्या घातलेल्या मासळीच्या क्रेटवर गुणाजी बसला होता. एरवी अशा वेळी तो गप्प बसणारा माणूस नव्हे. सारा जन्म त्याने मासेमारीच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळण्यात घालवला होता, आणि जे खोलून बघता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही अशी त्याची रीत होती. मागे देवळात मारुतीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा शिडी लावून, फुटकं कौल काढून, ते गावाला दाखवणारा गुणाजीच. त्याबद्दल गावाने त्याला कधी माफ केलं नव्हतं.

पण आज तो क्रेटवर बसून चपलेने वाळूत भोक पाडत होता. कारण व्यासपीठावर बाबांच्या शेजारी, हिरवं लुगडं नेसून, चमत्कार म्हणून जी बाई उभी होती ती भागुबाई होती. आणि भागुबाई ही गुणाजीची बायको होती.

"ही माउली," मितेश सांगत होता, "घरातून विहिरीपर्यंत जायला हिला तीनदा बसावं लागायचं! आज स्वतःच्या पायांनी वर चढली! आणि आता बघा, बाबांची फुंकर लागली की आई कशी येते ते!"

बाबांनी भागुबाईच्या कपाळावर फुंकर मारली. भागुबाईचे हात थरथरायला लागले. आधी बोटं, मग मनगटं, मग खांदे. डोळे मोठे झाले. गळ्यावरची शीर उडताना पार मागच्या रांगेतून दिसत होती.

"आली! आई आली!" बायकांनी हात जोडले.

गुणाजीने वाळूतलं भोक आणखी खोल केलं. आई कुठून आली होती ते या जगात त्याला एकट्याला ठाऊक होतं. ती त्याच्या स्वयंपाकघरातून, खलबत्त्यातून आली होती.

झालं होतं ते असं. जन्मभर चुलीपुढे बसून भागुबाईच्या छातीत धूर घर करून बसला होता. आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टर कल्पिता यांनी तिला तपासलं, ओढायचा पंप दिला आणि रोज सकाळी घ्यायची एक लांबट पांढरी गोळी दिली. थिओफायलीन तिचं नाव. गोळीने भागुबाईला बरं वाटायला लागलं होतं. एवढ्यात फुंकरबाबा गावात अवतरले. ते कुठून आले याबद्दल दोन मतं होती. मितेशच्या मते हिमालयातून, आणि ज्या टेम्पोने आले त्या टेम्पोवाल्याच्या मते पनवेलहून. बाबांचा उपचार सोपा होता: चिमूटभर अंगारा जिभेवर, एक फुंकर कपाळावर, आणि नारळावर हात ठेवून शपथ, की इंग्रजी औषध परत तोंडात घालणार नाही. अंगारा जिभेवर ठेवताच छातीपर्यंत गार गार वाटे. त्यात पेपरमिंट होतं, आणि ते गुणाजीला वासावरूनच कळलं होतं.

"खोकल्याच्या चघळायच्या गोळीला बी ह्योच वास येतो," तो म्हणाला होता.

"तुमाला समद्यात वासच येतो," भागुबाई म्हणाली, आणि शपथ घेऊन आली. पंप तिने स्वतः दर्यात फेकला. गोळ्यांची पाकिटं नवऱ्याच्या हातात दिली. "ह्या बी नेऊन टाका खाडीत. मला सपत हाय."

गुणाजी खाडीपर्यंत गेला. पाकिटांकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि गोळ्या खिशात घालून परत आला. जाळं विणायच्या दोऱ्याचा डबा होता, त्यात त्या लपवल्या. बायको बापडी भोळी आहे, आपण शहाणे आहोत. तिने शपथ घेतली आहे, आपण घेतलेली नाही, असा साधा हिशेब त्याने मांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठून चहा करायला बसला. संसाराला इतकी वर्षं झाली पण त्याने चुलीला हात लावलेला कोणी पाहिला नव्हता. खलबत्त्यात भागुबाई चटणीसाठी जवळा कुटायची. त्याच खलबत्त्यात गुणाजीने आलं टाकलं, आल्याबरोबर गोळी टाकली आणि कुटायला बसला. आणि कुटली ती कशी? इंजिनवाल्याने कुटावी तशी. डिझेल धारेने सोडलं तर इंजिन नुसता धूर ओकतं, फवारा बारीक केला की कसं पटकन पेट घेतं, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. तेव्हा गोळीही जितकी बारीक तितकी गुणकारी. त्याने ती इतकी बारीक केली की जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून निघाली. वर कडूपणा झाकायला गूळ घातला.

"नवरा चहा कराया लागला!" भागुबाई शेजारपाजारी सांगत सुटली. "बाबाची फुंकर मला लागली, आनि गुन ह्यांना आला!"

बाबांच्या चमत्कारांच्या यादीत हा पहिला चमत्कार म्हणून जमा झाला.

त्या सकाळी चहा पोटात गेल्यावर थोड्याच वेळात भागुबाईची छाती मोकळी झाली. कधी नव्हे इतकी मोकळी. ती चालत खळ्यावर आरतीला गेली. आणि आरती चालू असताना तिचे हात कापायला लागले. लोकांनी ते पाहिलं, बाबांनी लोकांना पाहिलं, आणि देवी आली. पुढे रोजच यायला लागली. चहा, मग आरती, मग देवी. घड्याळ लावावं इतकी वक्तशीर देवी रायगड जिल्ह्यात दुसरी नव्हती.

गुणाजीला हे खटकत नव्हतं असं नाही. रात्ररात्र भागुबाईला झोप लागेनाशी झाली. "आई जागी ठेवते," ती म्हणे. जेवण जाईना, मळमळे. "अंगात आलं की थरथर व्हायचीच," असं बायका म्हणत आणि गुणाजीही स्वतःला तेच सांगे. म्हणजे जन्मभर ज्याला हसला, तोच खुलासा आता त्याला सोयीचा पडत होता. गोळीमुळे बायको बरी आहे हे त्याला माहीत होतं. गोळीमुळेच ती कापते आहे हे त्याच्या मनात येत होतं, पण तिथून पुढे मन जातच नव्हतं. कारण पुढे गेलं की भागुबाईला सांगावं लागणार होतं.

ठसक्याच्या त्या सभेनंतर एक दिवस तो जनरेटरच्या मागे गेला असता त्याला मितेश दिसला. मितेश पायाने पंप मारत होता. काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना बसवून पाण्यात पाडायला केळ्याच्या आकाराची रबरी होडी असते, ती फुगवायचा पिवळा पंप. आणि पंपाने तो फुगे फुगवत होता. लाल, निळे, बाबांचा फोटो छापलेले. हेच ते प्रसिद्ध फुंकरफुगे. म्हसळ्याला, पेणला, मुंबईला जे भक्त अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या उशाशी ठेवायला बाबांच्या साक्षात श्वासाने भरलेला फुगा. फुगा फुटला तर समजायचं दमा फुटला; न फुटता सुकला तर समजायचं दमा सुकला.

"वा!" गुणाजी म्हणाला. "बाबांचा श्वास पायातनं येतो व्हय?"

मितेश दचकला नाही. घामही पुसला नाही. "सांगा की अंकल, जाऊन सांगा सगळ्यांना," तो शांतपणे म्हणाला. "आणि मग मावशी कशा बऱ्या झाल्या, तेपण तुम्हीच समजावून द्या."

मितेशला काही ठाऊक नव्हतं. पण बाण अंधारात मारूनही बरोबर लागला. गुणाजी तोंड मिटून परत फिरला. गळकं कौल काढून दाखवणारा गुणाजी, आणि इथे स्वतःच कौल होऊन बसला होता.

त्याच संध्याकाळी धर्मा भेटला. धर्मा म्हणजे बर्फातल्या मासळीचा टेम्पो चालवणारा, गुणाजीचा लहानपणापासूनचा मित्र, आणि लहानपणापासूनचा दमेकरी. त्याच्या सदऱ्याच्या खिशात निळा पंप नेहमी असायचा. आज खिसा रिकामा होता.

"पंप कुठाय रं?"

"टाकला दर्यात. सपत घेतली."

"अरं येड्या!"

"येडा कशानं? वयनींना बगतोय ना रोज. पंप न्हाय, गोळी न्हाय, आनि कशा ताठ चालतात. मी काय कुना बाबाच्या सांगन्यावरून न्हाय टाकला, वयनींकडं बगून टाकला."

गुणाजीने तोंड उघडलं. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं: अरे, ती गोळीवर आहे. पण धर्माला सांगितलं की धर्माच्या बायकोला कळणार, तिला कळलं की बोंबील वाळत घालता घालता गावाला कळणार, आणि मग भागुबाई चहाचा कप भिंतीवर फोडणार. ते वाक्य त्याने गिळलं. बाहेर पडलं ते वेगळंच.

"पंप टाकू नये रं, उगं आपलं."

"तुला तुझ्या बायकोचं बरं झालेलं बी बगवत न्हाय," धर्मा म्हणाला आणि टेम्पो चालू करून गेला. चढावर टेम्पो दम खात होता, की टेम्पोतला माणूस, हे खालून कळत नव्हतं.

मग आला महाफुंकर सोहळा. मांडव्याच्या जेटीवरून गाड्या भरभरून लोक आले. खळ्यावर सत्यवतीला जवळा पाखडायची बंदी झाली. व्यासपीठापुढे धुनी पेटवली, आणि धुरात घुसमटून बसलेल्या दमेकऱ्यांना, छाती भरून येते ती भक्तीने, असं सांगण्यात आलं.

त्या सकाळी गुणाजी खलबत्त्यापुढे जरा जास्त वेळ बसला. आज धूर, गर्दी, ऊन. भागुबाईला चार लोकांत दम लागला तर? चढ मोठा असला की इंजिनाला रेस जास्त द्यावी लागते. त्याने दोऱ्याच्या डब्यातून एकाऐवजी दोन गोळ्या काढल्या.

"आज आलं लय कडू हाय," भागुबाई म्हणाली.

"जुनं असंल."

"काल बी जुनंच होतं."

"आलं जुनंच असतं गं. पी."

ती प्यायली. कपाच्या तळाशी राहिलेला गाळही तिने बोटाने पुसून घेतला, कारण नवऱ्याने केलेला चहा टाकायचा नसतो. गुणाजीला पुढे आयुष्यभर आठवलं ते हे बोट.

खळ्यावर बाबांनी फुंकर मारली आणि भागुबाई नुसती थरथरली नाही, लटलट कापायला लागली. मग ती वाकली आणि भडाभडा ओकली.

"दमा बाहेर पडतोय!" बाबा गरजले. "तोंडावाटे! बघून घ्या, हा जो पिवळा दिसतोय तो जुनाट दमा!"

पुढच्या रांगेतले लोक दम्यापासून दोन पावलं मागे सरले. भागुबाई परत ओकली. मग तिचे डोळे वर गेले, ती आडवी पडली आणि हातपाय झटके द्यायला लागले. बायका उठून ओटी घेऊन धावल्या. माणसं लोटांगण घालू लागली. आणि मागच्या क्रेटवरून उठून गुणाजी त्या लोटांगणांवरून, पाठींवरून, टाळक्यांवरून पाय टाकत धावला.

मितेशची माणसं आडवी आली. "काका, आई आलेली हाय, शिवू नका!"

"आई न्हाय ती, माझी बायको हाय!" गुणाजी ओरडला. "सोड! देवी न्हाय, काय न्हाय! गोळी हाय ती! मी घातली! चहात घातली, रोज घालतोय! आज दोन घातल्या!"

बाबांच्या हातातला माइक चालू होता. चारी कर्ण्यांनी ते वाक्य इमानाने गावभर पोचवलं. लोटांगण घातलेले लोक वाळूतून मान वर करून बघायला लागले.

पहिला हलला तो धर्मा. त्याने टेम्पो खळ्यावर आणला, दोघांनी भागुबाईला उचलून मागे ठेवलं. झटके थांबले होते पण ती शुद्धीवर नव्हती. गुणाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन, केबिनमागच्या जाळीला तोंड लावून बसला. पुढे धर्मा गाडी चालवत होता आणि त्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

"गुण्या."

"काय?"

"म्हंजे वयनी... गोळीवरच व्हत्या?"

"व्हय."

"आनि मी पंप दर्यात टाकला."

"व्हय."

"तुला ठावं व्हतं, तवा बी."

"व्हय रं."

पुढे बोलायला धर्माजवळ श्वास नव्हता. आरोग्यकेंद्राच्या फाटकाशी त्याने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. आतून माणसं धावली आणि स्ट्रेचर आधी कोणाला द्यायचं यावर क्षणभर गोंधळ उडाला.

डॉक्टर कल्पिता उरणकडच्या मिठागरवाल्यांची मुलगी. बोलायला फटकळ. एका हाताने भागुबाईची नाडी आणि दुसऱ्या हाताने धर्माच्या तोंडावर वाफेचा मास्क धरून त्यांनी विचारलं, "काय दिलंत, किती दिलंत, कधी दिलंत? लाजायला नंतर वेळ आहे."

गुणाजीने पहाटेपासून खिशातच राहिलेलं पाकीट काढून दिलं. "एकच देत होतो. आज दोन. पहाटेच्या चहातनं."

"चहातून? विरघळली कशी ही?"

"कुटून."

"कुटून?"

"बारीक, म्याडम. अगदी फडक्यातनं गाळून." हे सांगताना त्याच्या आवाजात जुन्या सवयीने किंचित अभिमान आला होता. डॉक्टरांचा चेहरा बघून तो जागच्या जागी मेला.

सलाइन लागलं, इंजेक्शन गेलं, अलिबागला फोन झाला. रुग्णवाहिका तयार होईपर्यंत कल्पिता गुणाजीसमोर उभ्या राहिल्या.

"काका, तुम्ही इंजिनवाले ना? टाकीतलं डिझेल इंजिनात कसं जातं?"

"मोजून जातं. पंप सोडतो थोडं थोडं."

"ही गोळी म्हणजे टाकी आणि पंप, दोन्ही आहे. दिवसभर थोडं थोडं औषध सोडायला ती तशी बनवलेली असते. म्हणून ती अख्खी गिळायची. चावायची नाही, कुटायची नाही. तुम्ही पंपच कुटून टाकलात. दिवसभराची टाकी रोज एकदम ओतलीत. आज दोन टाक्या."

गुणाजी बोटांवर चहाचे दिवस मोजायला लागला.

"हात कापतात, छाती धडधडते, मळमळतं, झोप उडते. वरून कडक चहा, तो आणखी भर घालतो. आणि फार झालं की झटके येतात. औषध चांगलं आहे हो, पण त्याची वाट अरुंद आहे. कमी पडलं तर गुण नाही, थोडं जास्त झालं की विष. दुसऱ्या डॉक्टरने तापाखोकल्याचं काही दिलं तरी ही गोळी चालू आहे म्हणून आधी सांगायचं असतं, काही औषधांनी ही रक्तात साचते. इंजिन थडथडायला लागलं की तुम्ही म्हणता का, इंजिनात देवी आली?"

"न्हाय," गुणाजी म्हणाला. "खोलून बगतो."

"मग बायको थडथडत होती तेव्हा?"

गुणाजी म्हणाला, "मला कुनी सांगितलं नव्हतं, म्याडम."

"मावशींना सांगितलं होतं सगळं. दोनदा. त्यांनी मला परत म्हणूनही दाखवलं होतं. तुम्ही कुठे होतात?"

गुणाजीला आठवलं. तो बाहेर होता. रुग्णवाहिकेच्या इंजिनाचा आवाज त्याला बरोबर वाटला नव्हता, म्हणून ड्रायव्हरला बॉनेट उघडायला लावून तो नोझल साफ करून देत होता. म्हणजे गोळी कशी घ्यायची हे घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याच माणसापासून त्याने ती लपवली होती.

"तुम्हाला आत बोलवायला हवं होतं," कल्पिता हळू आवाजात म्हणाल्या. "तेवढं माझं चुकलं."

रुग्णवाहिका पहिल्या झटक्यात चालू झाली. अलिबागपर्यंत इंजिनाने एकदाही कुरकुर केली नाही. त्या सगळ्या प्रकरणात गुणाजीच्या हातून झालेलं चांगलं काम तेवढं एकच.

अलिबागला भागुबाईला कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून नाकातल्या नळीने दिली, पोटातलं उरलेलं औषध शोषून घ्यायला. छातीला तारा लावल्या. ती शुद्धीवर आली, तिने नवऱ्याकडे पाहिलं, झालेलं सगळं नर्सकडून ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडे केलं. परत येईपर्यंत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

इकडे बाबा काही पळाले नव्हते. खोटं उघडं पडलं म्हणून पळायला ते नवखे नव्हते. खळ्यावर त्यांनी नवा सिद्धांत मांडला होता. "मला सांगा, त्या पामराला गोळी कुटायची बुद्धी दिली कोणी?" आणि लोक विचारात पडून माना डोलावत होते. तेवढ्यात धर्माचा टेम्पो आला. धर्मा उतरला, खिशात नवा निळा पंप. मागून डॉक्टर कल्पिता उतरल्या, भागुबाई उतरली, आणि सगळ्यांच्या शेवटी गुणाजी.

"बाबा," धर्मा म्हणाला, "बुद्धीचं राहू द्या. फकस्त एक फुगा फुगवा. इथं, आमच्यापुढं."

मितेश म्हणाला बाबा मौनात आहेत. लोक म्हणाले फुगा मौनातच फुगवतात. तेव्हा बाबांचा इलाज राहिला नाही. त्यांनी फुगा तोंडाला लावला. गाल फुगले, डोळे फुगले, मानेच्या शिरा फुगल्या. फुगा लिंबाएवढा झाला आणि बाबांच्या तोंडातून निसटून फुर्रकन सत्यवतीच्या जवळ्यात जाऊन पडला. बाबा खोकत खाली बसले. छातीतली शिट्टी माइकशिवाय ऐकू येत होती.

"बरीच जुनी दिसतेय," कल्पिता कान देऊन म्हणाल्या. "केंद्रावर या. तपासू. रांग लावावी लागेल पण."

गर्दीत कोणीतरी हसलं आणि मग ते हसू आवरेना. गुणाजीने जनरेटरकडे बोट दाखवलं, तशी पिवळा पंप आणायला पोरं तिकडे धावली. गुणाजी मात्र हसला नाही. त्याने माइक उचलला, तोंडाशी धरला, आणि त्याला कळलं की बोलायचं फार थोडं आहे.

"बाबाचा अंगारा म्हंजे राख आनि पेपरमिंट. त्यानं कुनी बरं झालं न्हाय. भागू बरी झाली ती गोळीनं, आनि मराया टेकली ती माझ्या हातानं. मी गोळी दिली, पन ती कशी द्यायची ते इचारलं न्हाय. कमी करायची असंल, वाढवायची असंल, बंद करायची असंल, तर आदी डॉक्टरला इचारा. बाबाला न्हाय, शेजाऱ्याला न्हाय, माज्यासारक्या शान्याला तर मुळीच न्हाय. माजं बगून बी कायबी करू नका. धर्मानं केलं तसं." इथे त्याने धर्माकडे पाहिलं. "आनि ज्याची गोळी हाय, त्याला सांगून द्या. बास."

त्याला वाटलं, आता तरी भागुबाई काही बोलेल. ती बोलली, पण घरी आल्यावर, पायऱ्यांवर टेकून, दम घेत.

"तो बाबा खोटा वागला तो समद्या गावासंगं," ती म्हणाली. "तुमी खोटं वागलात ते एकट्या माज्यासंगं. सपत मी घेतली व्हती. मोडायची तर मी मोडली असती. मला भांडून सांगायचं व्हतं."

"तू ऐकली नसतीस."

"मंग परत भांडायचं व्हतं."

त्यानंतरच्या सकाळी भागुबाईच आपला चहा करायला लागली. खलबत्ता तिने उचलून स्वतःच्या खाटेखाली ठेवला. गोळी रोज गुणाजीच्या समोर काढायची, अख्खी जिभेवर ठेवायची, पाण्याबरोबर गिळायची आणि तोंड उघडून त्याला रिकामी जीभ दाखवायची. गुणाजी मान डोलवायचा. ते रोजचं मान डोलावणं त्याला जन्मठेपेसारखं वाटे. खळ्यावर आता कर्णे नव्हते. बाबा केंद्रावर गेले की पनवेलला, यावर पुन्हा दोन मतं होती.

हातांचं कापणं थांबलं. झोप लागायला लागली. पायऱ्या चढताना भागुबाई अजून थांबायची, पण थांबून परत चढायची. देवी काही परत आली नाही.

अशाच एका सकाळी भागुबाई दारात बसून बोंबील निवडत होती आणि गुणाजी मागे उभा होता. त्याने मनाशी पुष्कळ जुळवलं होतं. माफी कशी मागायची, कुठून सुरुवात करायची, पाया पडायचं की नाही. घसा खाकरून त्याने तोंड उघडलं.

"अवो," भागुबाई मागे न बघताच म्हणाली.

"काय?" गुणाजी म्हणाला.

"चहा टाका जरा."

गुणाजी लगबगीने चुलीकडे वळला, भांडं ठेवलं, पाणी ओतलं, पत्ती शोधली, गूळ शोधला. आनंदाने त्याच्या तोंडून निघून गेलं,

"आलं कुटू?"

दारातला बोंबील निवडायचा आवाज थांबला.

"न्हाय," भागुबाई म्हणाली. "कायबी कुटू नका."